मालवणची एक दिवसाची बोट-सफर : किल्ला, स्नॉर्केलिंग, त्सुनामी बेट – आधी काय, मग काय?

खारा वारा

थंडी पडली की इथे मंचावर दर आठवड्याला हीच विचारणा येते : "मालवणात एकच दिवस आहे. सिंधुदुर्ग किल्ला, स्नॉर्केलिंग, देवबागचं त्सुनामी बेट, डॉल्फिन, सगळं होईल का?" होतं. पण पॅकेजच्या पत्रकावर छापलेल्या क्रमाने गेलात तर बहुधा दोनपैकी एक गोष्ट फसते. स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क-नळी लावून तरंगत पाण्याखाली बघायला, गढूळ पाणी मिळतं, नाहीतर बेटाच्या जागी नुसतं कमरेएवढं पाणी आणि त्यात उभी असलेली माणसं दिसतात.

कारण साधं आहे. स्नॉर्केलिंगला भरती लागते आणि बेटाला ओहोटी. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर भरतीच्या वेळी बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं, ओहोटीला किनाऱ्यालगतचं आणि खाडीचं मातकट पाणी बाहेर पडतं. त्सुनामी बेट म्हणजे कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात. भरतीला तो पाण्याखाली असतो.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब सगळ्यांना माहीत असेल : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ४ × पाऊण = ३ वाजता पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला ६. अमावास्या-पौर्णिमेला १५ ची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, पण सहलीचा क्रम ठरवायला एवढं पुरतं.

माझं मत : आधी कॅलेंडरवर तिथी बघा, मग सुट्टी टाका. देवबागच्या बाजूचं आणि मास्क-नळीबद्दलचं जाणकारांनी लिहावं.

तिरफळ

वाखूसा (वाचनखूण साठवली).

भांग-उधाण

हिशोब बरोबर आहे, पण अर्धाच सांगितलात. वेळेइतकंच भरती किती मोठी आहे तेही बघावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणजे तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी धावतं. ओढ जोरात, तळाची वाळू उचलली जाते. अष्टमी-नवमीला भांगाची भरती. चढउतार कमी, ओढ मंद, गाळ खाली बसलेला. नुसतं पाण्याखाली बघायचं असेल तर भांगाचे दिवस उत्तम.

पण भांगाला ओहोटी पण अर्धवटच होते, म्हणजे त्सुनामी बेट नीट उघडं पडत नाही. वाळूवर उतरायचं असेल तर उधाणाचे दिवस. दोन्ही एकदम पहिल्या दर्जाचं मिळणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि तिथीचा हिशोब क्रमासाठी ठीक आहे, बोट ठरवताना भरतीचं छापील कोष्टक बघा. तिथी दिवसा मध्येच बदलते, क्षयतिथी येते, आणि मग पंचांगावरून भांडणं होतात.

पाणबुड्या

तिसरी गोष्ट वारा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याजवळ पाणी सपाट. जमीन तापली की दुपारी बाराच्या सुमाराला वायव्येकडून खारा वारा सुटतो (धागाकर्त्यांचा काही दोष नाही) आणि दीडदोन तासांत छोट्या, जवळजवळच्या लाटा उठतात. स्नॉर्केलिंगमध्ये त्रास देतात त्या ह्याच. मोठी लांब लाट माणसाला अलगद वरखाली करते. ही छोटी थप्पड मारून नळीत पाणी भरते.

म्हणून स्नॉर्केलिंग अकराच्या आत. भरतीची वेळ जुळत नसेल आणि भरती की निवांत वारा असं निवडायचं असेल, तर नवशिक्याने वारा निवडावा. थोड्या गढूळ, शांत पाण्यात शिकता येतं. स्वच्छ पण खवळलेल्या पाण्यात घाबरण्यापलीकडे काही होत नाही.

दुपारीच जावं लागलं तर किल्ल्याच्या आडोशाला, म्हणजे किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या बाजूला नांगर टाकायला सांगा. वायव्येचा वारा तिथे अडतो. पाणी मात्र बाहेरच्या बाजूइतकं नितळ नसतं.

मध्यमवर्गीय

म्हणजे भरती, उधाण, वारा, शनिवार-रविवार, मुलांच्या परीक्षा आणि साहेबांचा मूड. सगळं जुळलं की मालवण. त्यापेक्षा सुरमईची थाळी कुठल्याही तिथीला मिळते.

मालवणी खाजा

संकष्टीक खाशात काय थाळी? :)

बाकी खरा असा. तांडेल (बोट चालवणारो) सांगता ता आयका, मोबायल सांगता ता नाय.

जांभा

देवबागचं लिहितो. एकच बोट सकाळी मालवणहून निघून किल्ला, स्नॉर्केलिंग, तारकर्ली, देवबाग, निवती असं सगळं करून आणेल अशी कल्पना घेऊन येऊ नका. करतात काही जण, पण बराच वेळ नुसतं बसून धक्के खाण्यात जातो. दिवसाचे दोन तुकडे करा. किल्ला आणि स्नॉर्केलिंग मालवण जेटीवरून किंवा दांडी किनाऱ्यावरून. मग रस्त्याने देवबागला जा, साधारण बारा किलोमीटर, अरुंद रस्ता. तिथून वेगळी बोट : संगम, त्सुनामी बेट, भोगवे, किल्ले निवती, डॉल्फिन.

देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली. खाडीच्या आत पाणी दिवसभर शांत, त्यामुळे बेटापर्यंत जायला लहान मुलं, आजी-आजोबा कुणालाही अडचण नाही. अडचण येते ती मुखातून बाहेर निवतीकडे जाताना. मुखावर वाळूचा उंचवटा असतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर धावत असतं आणि समोरून समुद्राची लाट येत असते. दोघं भिडले की लाट आखूड आणि उभी होते, तिथल्या तिथे फुटते. दुपारचा वारा त्यात भर घालतो. म्हणून डॉल्फिन-निवतीचा भाग सकाळी सातच्या बोटीने आणि जमल्यास चढत्या पाण्यावर. तांडेल 'आज बाहेर नको' म्हणाला तर पैशांवरून घासाघीस न करता आत फिरून या.

डॉल्फिन म्हणजे इथले पाठीवर उंचवटा असलेले, किनाऱ्याजवळ राहणारे. उड्याबिड्या क्वचित. पाठ दिसते, श्वासाचा आवाज येतो, संपलं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबणाऱ्या बोटीला पाठलाग करणाऱ्या बोटीपेक्षा जास्त दिसतात.

चष्मिस

मास्कबद्दल कुणी सांगेल का? भाड्याचा मास्क गळतोच का? आणि चष्मावाल्यांनी काय करायचं?

पाणबुड्या

गळायची कारणं मोजकी आहेत. मास्क चेहऱ्याच्या मापाचा नसणं, कडेखाली केस अडकणं, मिशी आणि फार घट्ट पट्टा.

माप असं बघायचं : पट्टा डोक्यामागे न घालता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तुमचा. पडला किंवा कुठून हवा आत आली तर दुसरा मागा. बोट निघण्याआधी जेटीवरच हे करा. नांगर टाकल्यावर पेटीत उरलेलेच मास्क मिळतात. सिलिकॉनची कड मऊ असते, तीच घ्या. जुनं काळं रबर कडक झालेलं असतं.

पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावर. गळतं म्हणून लोक पट्टा आवळतात, त्याने कड दुमडते आणि जास्त गळतं. अर्धा इंच सैल करून बघा, निम्म्या तक्रारी तिथे संपतात. मिशीवाल्यांनी वरच्या ओठावर पेट्रोलियम जेली अगदी बोटभर लावावी. सिलिकॉनला चालते, रबर खराब करते.

काचेवर वाफ धरू नये म्हणून कोरड्या काचेला आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळा. किळस वाटत असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब, तसाच चोळून धुवायचा. आधी काच ओली केलीत तर दोन्हीचा उपयोग नाही.

चष्म्याच्या काड्या कडेखाली बसत नाहीत, त्यामुळे चष्मा घालून मास्क अशक्य. नंबरच्या काचेचे मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या अंतराने. पाण्यात वस्तू एकतृतीयांशाने मोठ्या आणि काहीशा जवळ दिसतात, त्यामुळे उणे दीडपर्यंत नंबर असेल तर साध्या मास्कने भागतं. मऊ, एक दिवसाच्या टाकाऊ लेन्सही चालतात. मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटा, आणि बाहेर आल्यावर लेन्स फेकून द्या.

शंखनाद

तो पूर्ण चेहऱ्याचा मास्क घ्यावा का? तोंडात नळी धरावी लागत नाही म्हणतात.

पाणबुड्या

मी सुचवणार नाही. त्यात आतली जागा मोठी. झडपा नीट बसल्या नाहीत तर सोडलेला श्वासच परत आत ओढला जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो. डोकं जड होतं आणि माणसाला कारण कळत नाही. पाणी शिरलं तर साधी नळी तोंडातून थुंकून टाकता येते, हा मास्क पट्ट्यांसकट काढावा लागतो.

साधी नळी पस्तीस-चाळीस सेंटिमीटर लांब असते, त्याहून लांब का नाही असं मुलं विचारतात. लांब केली की तीच शिळी हवा वरखाली होते, आणि खोल पाण्याचा दाब छातीवर येऊन श्वास ओढताच येत नाही. शेजाऱ्याची बागेची नळी मागू नका.

नळीत पाणी आलं तर डोकं वर काढायचं नाही. 'थू' म्हणतो तसा एकच जोरदार फुंकर. उरलेल्या थेंबांवरून पुढचा श्वास हळू घ्यायचा. हे बोटीच्या शिडीला धरून पाच वेळा करा, मग शिडी सोडा.

सोलकढी

पोहता येत नसेल तर? मालवणात 'पोहता न येणाऱ्यांनाही' असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

जांभा

चालतं, पण कसं ते समजून घ्या. तिथे लाइफ जॅकेट देतात आणि एक खलाशी रबरी रिंग धरून तुम्हाला ओढत नेतो. जॅकेट फेरीबोटीसाठी बनवलेलं असतं. बुडणाऱ्याचं तोंड आकाशाकडे ठेवणं हे त्याचं काम, आणि तुम्हाला तोंड खाली करायचं असतं. म्हणून माणूस उभाच तरंगतो, पाय मारतो, दमतो. उपाय : रिंग हाताने लांब धरू नका. दोन्ही कोपरांखाली, छातीच्या पुढे घ्या. मग पाय आपोआप वर येतात. जॅकेटचे सगळे बक्कल लावा, मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही. नाहीतर जॅकेट कानांपर्यंत चढतं.

दमलेला माणूस ओरडत नाही, तोंड पाण्याच्या पातळीवर असतं. त्यामुळे कुटुंबातला एक जण पाण्यात न उतरता बोटीत बसून डोकी मोजत राहील असं करा. तक्रार करण्याची वाट बघू नका.

आणि पाण्यात अंगठा वर केलात तर डायव्हिंगवाल्या खलाशाला त्याचा अर्थ 'मला वर घे' असा कळतो. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीची गोल खूण.

मध्यमवर्गीय

म्हणजे फोटोत सगळ्यांचे अंगठे वर असतात ते सगळे वर घ्या म्हणत असतात?

जांभा

काहींचे चेहरे बघता, हो.

शंखनाद

मासे दिसावेत म्हणून बिस्किटं-पाव टाकतात त्याचं काय? मासे नाही दिसले तर लोक पैसे परत मागतात, खलाशी तरी काय करणार.

भांग-उधाण

याच्यावर इथे एकदा दोनशे प्रतिसाद होऊन धागा बंद झाला होता. तरी लिहितो. पाव टाकला की पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे झुंडीने येतात, व्हिडिओत छान दिसतं. पण तेवढेच येतात. हे धीट आणि भांडखोर, बाकीच्यांना हुसकावून लावतात. पोपट मासा खडकावरचं शेवाळ खरवडतो, फुलपाखरू मासा पोवळ्यांजवळ असतो. ते बघायचे असतील तर पाव न टाकता, हात न हलवता दोन मिनिटं एका खडकावर तरंगत राहावं लागतं. खलाशाला निघायच्या आधीच सांगा, 'आम्हाला पाव नको, दगड दाखव'. पैसे तेच द्या. त्यालाही पावाचा खर्च वाचतो.

हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो, १९८७ मध्ये जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटर. पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडाही पिशवीत घालू नका. आणि त्यांच्यावर उभं राहू नका. तुमच्याच पायाच्या भल्यासाठी, कारण शेजारीच कालवं असतात आणि ती ब्लेडसारखी कापतात.

सोलकढी

कापलं किंवा काही चावलं तर?

पाणबुड्या

कालवाची जखम गोड्या पाण्याने आणि साबणाने खसखसून धुवा, आत कपची राहू देऊ नका, धनुर्वाताचं इंजेक्शन बघा. जेलीफिश लागला तर उलट : गोडं पाणी नको, चोळायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवून चिकटलेले तंतू चिमट्याने काढा. देवबागच्या उथळ वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) पुरून बसलेलं असतं. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूतून फरफटत चाला, म्हणजे ते निघून जातं. काटा लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात पाय अर्धा-एक तास बुडवून ठेवायचा, आणि डॉक्टरकडे जायचंच.

चष्मिस

बोट लागते त्यांच्यासाठी?

तिरफळ

गोळी नांगर टाकल्यावर घेऊन काही होत नाही, निघायच्या तासभर आधी लागते. झोप येते, म्हणून कोणती आणि किती ते डॉक्टरांना विचारून. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. दोन घावणे चालतात, रस्सा नको. बोटीत मध्यभागी किंवा जरा मागे बसा, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, धक्के सर्वांत जास्त. पण इंजिनाचा धूर वाऱ्याबरोबर अंगावर येईल अशा बाजूला बसू नका, निम्म्या उलट्या त्या वासाने होतात. क्षितिजाकडे बघा. मोबाइलमध्ये बघणारा पहिला जातो.

नांगरलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त लागते. मळमळायला लागलं तर पाण्यात उतरा, बऱ्याचदा तिथे बरं वाटतं.

शंखनाद

अवांतर : एवढं सगळं करण्यापेक्षा अंदमान. तिथल्या जॉली बॉय बेटावर तळ स्वच्छ दिसतो.

भांग-उधाण

दिसतो, आणि तुलना गैरलागू आहे. जॉली बॉय महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे, जवळ मोठी नदी नाही. मालवणच्या एका बाजूला कर्ली आणि दुसऱ्या बाजूला कोळंबची खाडी, गाळ येणारच. इथे पाच-सहा मीटर दिसलं तर चांगला दिवस. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात बरा. एप्रिल-मेमध्ये वारा नसतानाही दक्षिणेकडून लांब लाटा येतात आणि तळ ढवळतात. तेव्हा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा इशारा बघून जा. मे अखेर ते ऑगस्ट अखेर सगळंच बंद.

मालवणी खाजा

बोटीत चढण्याआधी दोन गोष्टी बघा. बोटीवर सागरी मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि प्रवासीसंख्या रंगवलेली असते. तेवढीच डोकी मोजा, लहान मुलंही मोजायची. आणि लाइफ जॅकेट बाकाखाली कोंबलेली नकोत, अंगावर हवीत. 'शेटनू, पाचच मिनिटांचा रस्ता' असं कोण म्हणालो तर दुसरी बोट बघा. भाव हंगामागणिक बदलतात, पण ठरवताना विचारा : दर माणशी की अख्ख्या बोटीचा, व्हिडिओ धरून की वेगळा, पाण्यात नक्की किती मिनिटं.

तिरफळ

किल्ल्याबद्दल कुणीच बोललं नाही! फेरीबोट साधारण तासाभराने परत न्यायला येते. ४८ एकरांच्या कुरटे बेटावर तासात फक्त शिवराजेश्वर मंदिर, हाता-पायाचे ठसे आणि दूधबाव-दहीबाव-साखरबाव एवढंच होतं. तटावरून फिरायचं तर उतरतानाच 'दोन तासांनी या' असं सांगा. २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला आणि तीनेक वर्षांत उभा राहिला, त्याला दोन तास द्यायला हरकत नसावी. उधाणाच्या ओहोटीला दांडीकडून पद्मगड या शेजारच्या छोट्या किल्ल्यावर चालत जाता येतं, मात्र पाणी चढायच्या आत परत फिरायचं.

सोलकढी

सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नावर येते. आम्ही शनिवार-रविवार येतोय, शनिवारी पंचमी. म्हणजे भरती पावणेचारला. क्रम कसा लावायचा?

खारा वारा

पंचमी म्हणजे स्नॉर्केलिंगला सर्वांत वाईट. भरती पहाटे आणि दुपारी पावणेचारला, ओहोटी सकाळी दहाच्या सुमाराला. सकाळी वारा शांत पण पाणी उतरलेलं, दुपारी पाणी चढतं पण वारा सुटलेला. म्हणून शनिवारी स्नॉर्केलिंग करूच नका. साडेआठला देवबाग, बेट उघडं असताना नऊ ते साडेदहा वाळूवर. बाहेर निवतीला नको, पाणी उतरतं असेल. जेवण. तीन वाजता किल्ला, चढत्या पाण्यावर जेटीला बोट नीट लागते.

रविवारी षष्ठी, भरती पहाटे साडेचार. पाणी उतरतंच असेल, पण भांग जवळ आलेला असल्यामुळे ओढ कमी. साडेसातला पाण्यात, नऊला बाहेर. पुढच्या खेपेला एकादशी ते अमावास्येमधला शनिवार धरा : भरती सव्वाआठ ते सव्वाअकरा, वारा झोपलेला, आणि दुपारी देवबागला वाळू.

सोलकढी

वद्य षष्ठी आहे. मग १५ अधिक ६ धरून २१ ची पाऊणपट करायची का?

भांग-उधाण

नाही. शुद्ध असो की वद्य, दोन्ही पक्षांत १ पासूनच मोजायचं. २१ ची पाऊणपट पावणेसोळा होते, म्हणजे दुपारचे पावणेचार. ती आदल्या दिवशीची भरती. तेवढ्यावर विसंबून गेलात तर पाऊण तासाने चुकाल.

मालवणी खाजा

साडेसात म्हणजे दांडीर साडेसात. लॉजवर चाय पित असताना साडेसात न्हय.